आंबेपाडा नदीच्या अलीकडे

प्रिय आई,

काल दुपारी मी आंबेपाडा नदीच्या अलीकडे आणला. करंजपाडा पलीकडे नेला. उरलेले दोन पाडेही ज्याच्या त्याच्या जागी ठेवले. नकाशावर जवळजवळ चार वर्षं ते चुकीच्या ठिकाणी उभे होते. काम झाल्यावर सगळ्यांत आधी तुला सांगावंसं वाटलं. फोन हातात घेतला, तुझं नावही काढलं, आणि मग लक्षात आलं की तुझा फोन माझ्याच पर्समध्ये आहे. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

घाई एवढ्यासाठी, की आंबेपाड्याच्या वनिताला पुन्हा दिवस गेलेत. नवरात्रातली तारीख आहे. तू असतीस तर एव्हाना तिच्या घरी तुझ्या चार फेऱ्या झाल्या असत्या. तू नाहीस. आणि मागच्या वेळी तिच्याकडे दवाखान्याची गाडी वेळेवर का पोचली नाही हे मला आत्ता कळलंय, तुला जाऊन पाच महिने झाल्यावर. तुला ते तीन वर्षं माहीत होतं. मला का नाही सांगितलंस?

खरं सांगू? मला तुझ्या पाड्यांचा फार राग यायचा. मी पाचवीत होते तेव्हा तुझी सुरगाण्याकडच्या त्या उपकेंद्रावर नर्स म्हणून बदली झाली. इतर मुलींच्या आया संध्याकाळी घरी यायच्या, माझी आई शनिवारी यायची. बसमधून उतरायचीस तेव्हा चपलांना लाल माती, पिशवीत कुणीतरी दिलेले नागलीचे पापड आणि तोंडात पाड्यांची नावं. आठवडाभर बाबा माझी वेणी घालायचे, वाकडी. तू आलीस की ती सोडून पुन्हा घालायचीस आणि घालता घालता बाबांना सांगायचीस, "करंजपाड्याच्या म्हातारीचा खोकला काय हटत नाय." मला वाटायचं, या घरात आपण तिघंच नाही, चार पाडेही राहतात आणि त्यांनाच जास्त जागा आहे.

मोठी झाल्यावर बाबांकडून कळलं की नाशिकला परत येण्याच्या बदलीचा अर्ज तू कधी भरलाच नाहीस. दरवर्षी फॉर्म यायचा आणि तू तो रजिस्टरात ठेवून द्यायचीस. त्यावरून आपलं किती वाजलं होतं, आठवतं? तू म्हणालीस, "नवीन बाई यील, तिला वाटा ठावं हुईस्तोर दोन पावसाळे जातील." मी म्हणाले, "मग मला काय ठाऊक व्हायचं होतं?" तू गप्प बसलीस. तुला गप्प केल्याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं.

आणि मी शिकले काय, तर नकाशे. आता नाशकातच, द्वारका चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात दिवसभर शहराच्या पाण्याच्या पाइपलाइनी संगणकावर चढवते आणि घरी आल्यावर छंद म्हणून पुन्हा नकाशाच. सगळ्यांनी मिळून भरायचा तो नकाशा. कुणीही त्यात आपली गल्ली, आपली विहीर, आपलं देऊळ टाकावं, आणि त्याच्यावरून पुढे कितीतरी ॲप लोकांना रस्ता दाखवतात. तू त्याला 'मनूचं विणकाम' म्हणायचीस. कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर सांगायचीस, "दिवसभर पाइप टाकते आणि रात्री विणते." लोक बुचकळ्यात पडायचे.

तुला पहिल्यांदा आकाशातून काढलेला फोटो दाखवला तो दिवस मला फार आवडतो. देवळ्याचं तुझं माहेर शोधून दिलं. कांद्याची चाळ तू लगेच ओळखलीस, मग विहीर. "ही बघ, हिच्यात मी पवायला शिकले," म्हणालीस आणि स्क्रीनवर बोट असं ठेवलंस की विहीर त्याखाली झाकून गेली. मग मी जुने फोटो लावले. एकेक वर्ष मागे नेलं तशी चाळ नाहीशी झाली आणि दारातला तोडलेला लिंब परत उभा राहिला. तू चष्मा काढून पदराला पुसलास आणि म्हणालीस, "अजून माग ने." त्याच्या मागचे फोटोच नव्हते. तुला ते पटलं नाही.

मग तुला सगळंच बघायचं होतं. ढग कुठवर आलेत ते दाखवणारा नकाशा, गट नंबर टाकला की शेताचे बांध दाखवणारा सरकारी नकाशा, वाटेचा चढउतार रेघेनं काढून दाखवणारं ते साधन. त्या रेघेवर तू बराच वेळ थांबलीस. केंद्रापासून करंजपाड्याकडे जाणाऱ्या रेघेवर बोट ठेवून म्हणालीस, "हां, हितं मला धाप लागते. यानं बरोबर दाखवलंय." एवढा आनंद तुला कुणी साडी आणली तरी व्हायचा नाही.

आणि मग विचारलंस, "यात आमचे पाडे का नाय?"

खरंच नव्हते. तुझ्या भागात नुसता हिरवा रंग, एक नदी आणि एक सडक. वरून बघितलं तर छप्परं दिसायची, पण नावं कुणी टाकलीच नव्हती. "नवा गाडीवाला आला की मला फोन करत बसतो, डावीकडं का उजवीकडं. मी नसले तर?" तू हे सहज म्हणालीस. मीही सहज ऐकलं.

त्या दिवाळीला तू तो कागद घेऊन आलीस. ड्रॉइंगचा मोठा कागद, चार घड्या घातलेला. पोलिओच्या डोसाच्या वेळी तुम्ही केंद्राच्या भिंतीवर लावायचात तो, हद्दीचा नकाशा. मध्ये केंद्र, चार बाजूंना चार पाडे, घराघराला आकडा, आणि ज्या घरात गरोदर बाई असेल तिथे टिकली चिकटवलेली. खरी टिकली, तुझ्या पाकिटातली. किलोमीटर कुठे नव्हतेच. 'पाऊण तास.' 'अर्धा तास, पावसात दीड.'

"एकदा येऊन माझ्यासंगं चालून बघ, मग टाक," तू म्हणालीस. "दोन दिवसांत चारी पाडे हुतील."

"कशाला? वरून छप्परं दिसतात, नावं तुझ्या कागदावर आहेत. अर्ध्या तासाचं काम."

तू दुसऱ्यांदा म्हणाली नाहीस. पण कढईकडे वळताना तुझा चेहरा उतरला होता, आणि मी तो पाहून न पाहिल्यासारखं केलं. एवढ्या वर्षांत मी तुझं केंद्र एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायचंच नव्हतं मला. ज्यांनी माझी आई नेली त्यांच्या घरी चहा प्यायला कोण जातं, असं माझं खुळचट गणित होतं.

अर्ध्या तासाचंच काम झालं. कागद समोर धरला. कागदावर जो पाडा वर तो उत्तरेला, उजवीकडचा पूर्वेला, खालचा दक्षिणेला. नकाशाची उत्तर वर असते, हे शाळेत पाठ केलेलं आणि पुढे त्याच्यावरच पोट भरलेलं.

तुझ्या कागदावर मात्र उत्तर वर नव्हती. तिथे डोंगर वर होता. केंद्राच्या दारात उभं राहिलं की समोर घाटाचा डोंगर येतो, पूर्वेला. रोज सकाळी दार उघडून जे बघायचीस ते तू कागदाच्या वरच्या अंगाला काढलंस. मी आता बघून आले, तिथली कुठलीही बाई तसाच काढेल. माझ्या वाचण्यात सगळा कागद पाव फेरा फिरला आणि चारही पाडे शेजाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले. दक्षिणेचा आंबेपाडा पूर्वेला, नदीपलीकडे, करंजपाड्याच्या छपरांवर.

नदीनं मला सांगितलं होतं गं. पडद्यावर ती उभी होती, तुझ्या कागदावर आडवी. मी ते पाहिलं. पाहून हसले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "आई, तुला नदीसुद्धा धड काढता येत नाही." तू म्हणालीस, "चकल्या जळतील, बोलवू नको मला." मी शेवटचं नाव टाकलं आणि लॅपटॉप मिटला. एवढंच झालं होतं.

पुढच्या श्रावणात नव्या फ्लॅटची वास्तुशांती होती. तू चाचरत होतीस. पावसाचे दिवस आहेत, दोन बाया भरत आल्यात, असं काहीतरी म्हणालीस. मी फोनवर काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "दर वेळी तुझे पाडे. पूजेला बाबांशेजारी कोण बसणार मग, करंजपाड्याची म्हातारी?" तू आलीस. मोरपंखी साडी नेसून बाबांशेजारी बसलीस, पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलंस. दुपारी बराच वेळ फोन कानाला लावून गॅलरीत उभी होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, "रेंज नाय, काय कळंना." दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघून गेलीस, अजून पूजेचे कलशही हलवले नव्हते. मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही.

त्यानंतर तू बदललीस. आता मागे वळून बघताना दिसतं, तेव्हा मला वाटलं वय झालं. दोनदा तू विषय काढलास. "मनू, तो आंबेपाडा जरा अलीकडं घे ना." मी म्हणाले, "तुझ्याच कागदावरून टाकलाय." "मग कागदात माझीच चूक असंल." "बरं, बघते." आणि बघितलं नाही. का एवढं हळू म्हणालीस? लस टोचून न घेणाऱ्या बाप्यांना तू झापायचीस तेव्हा तुझा आवाज नदीपलीकडे जायचा म्हणे. माझ्याशी बोलताना मात्र 'घे ना'. एकदा टेबलावर हात आपटला असतास तर?

मग द्वारकेवरून पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन डबे आणायला सांगितलेस. केंद्राचं दार रंगवायचंय म्हणालीस. "सरकार रंगवत नाही का?" म्हणून मी कुरकुरत आणून दिले. आणि रविवारीही तुझं येणं कमी होत गेलं. "या रविवारी जमत नाय गं," असा फोन यायचा आणि मी "बरं" म्हणून ठेवून द्यायचे.

चैत्रात तू गेलीस. दोन दिवसांची रजा काढून आली होतीस. सकाळी डोकं दुखतंय म्हणालीस, दुपारी बोलताना जीभ अडखळली आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं. मी तुझा हात धरून बसले होते आणि तेव्हाही माझ्या मनात कुठेतरी राग होता, की दोन दिवस आलीस तेही असे. आईचा हात गार होत असताना जी मुलगी असा विचार करते तिला काय म्हणावं, मला ठाऊक नाही.

तुझा फोन बाबांनी कपाटात ठेवला होता. मागच्या महिन्यात फोटो काढून घ्यावेत म्हणून मी तो चार्ज केला. तुझा एकही फोटो नव्हता त्यात. रजिस्टरांची पानं आणि वजनकाट्यात झोपलेली बाळं. मग मेल उघडला. तुला मेल कोण पाठवणार, पण तिथे नकाशाकडून आलेलं एक पत्र होतं. 'आंबेपाडा : आपली दुरुस्ती स्वीकारता आली नाही.'

तुला दुरुस्ती पाठवता येते हे मला माहीतच नव्हतं. कुणाकडून शिकलीस? मला विचारायला नको वाटलं असेल. आंबेपाडा तू बोटानं ओढून नदीच्या अलीकडे आणला होतास, बरोबर जिथे तो आहे तिथे. कारण लिहायच्या चौकटीत लिहिलं होतंस, 'मी इथे एकोणीस वर्षे चालत जाते.'

त्याखाली उत्तर होतं. 'कृपया विश्वसनीय पुरावा जोडा.' आणि नाकारणाऱ्याच्या जागी जे टोपणनाव होतं, ते माझं आहे.

नव्या लोकांच्या दुरुस्त्या जुन्या स्वयंसेवकांकडे तपासायला येतात. मी नाशिकच्या बाजूची जुनी, आणि मला त्याचा तोरा होता. डबा खाता खाता पाच-दहा हातावेगळ्या करायचे. कुणा अनोळखी खात्यानं अख्खी वस्ती नदी ओलांडून हलवली, तर ती खोडी समजून चालायचं. कारणाची चौकट वाचायला आणखी एकदा बोट दाबावं लागतं. मी दाबलं नाही. तुझं वाक्य मी वाचलंच नव्हतं, आई. वाचलं असतं तर ओळखलं असतं, असं मी पहिले काही दिवस स्वतःला सांगत होते. आता तेही छातीठोकपणे सांगवत नाही. ते टोपणनाव माझं आहे हे तुला ठाऊक होतं का? नसावं. नसूच दे.

मग मी गेले. रजा टाकली, वणीवरून जाणारी बस धरली, पुढे जीपमध्ये अकरा जणांत बारावी बसले आणि पहिल्यांदा तुझ्या केंद्राच्या दारात उभी राहिले. आंबेपाड्याच्या आशा सेविका, तुझ्या यशोदाताई, तिथेच होत्या. मला बघून म्हणाल्या, "सिस्टरची पोर ना तू? नाक तेच हाय." मी विचारलं, आई आंबेपाडा नकाशात हलवायला का बघत होती? त्या पदर खोचून म्हणाल्या, "चल, चालता चालता सांगते."

"तुमची पूजा होती ना नाशकाला, त्याच दिवशी वनिताला कळा लागल्या. सकाळची येळ. सिस्टर नव्हत्या म्हणून मी गाडीला फोन लावला. ड्रायव्हर नवा, बाहेरचा. वाट सांगाया लागले तर म्हनला, ऱ्हाऊ द्या बाई, आंबेपाडा नकाशात हाय. आमाला बी बरं वाटलं. म्हनलं, आपलं गाव नकाशात आलं."

गाडी नकाशातल्या आंबेपाड्याला गेली. लांबच्या पुलावरून वळसा घालून, नदीपलीकडे, करंजपाड्यात. तिथल्या लोकांनी सांगितलं तेव्हा मागे फिरली, तोवर मधल्या नाल्याला पाणी चढलं होतं. ती खऱ्या आंबेपाड्यात पोचली तेव्हा दुपार कलली होती. बाळ पायाळू होतं. वनिता वाचली, बाळ गेलं. मुलगी होती.

यशोदाताईंनी हे मला दोष देत सांगितलं नाही. नावं कुणी टाकली हे त्यांना माहीतच नव्हतं. मी त्यांच्या मागून चालत होते आणि मला वाटेतलं काही दिसत नव्हतं. त्यांनीच थांबून दाखवलं. एका दगडावर पांढऱ्या रंगात बाण आणि 'आंबेपाडा', तुझ्या अक्षरात. पुढे मोरीच्या कठड्यावर, मग एका सागाच्या बुंध्यावर. "रविवारी डबा घेऊन हिंडायच्या सिस्टर. आमी म्हनलो, आमाला ठावं हाय की आंबेपाडा कुठं ते. तर म्हनल्या, तुमच्यासाठी नाय."

हे होते तुझे रविवार. एका बाणाखाली रंगाचा ओघळ आला होता आणि तो तू बोटानं पुसलेला दिसत होता. मी त्याच्यावर माझं बोट ठेवून बराच वेळ उभी राहिले.

वनिताचं घर पाड्याच्या टोकाला आहे, तुला काय सांगायचं. ती ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. यशोदाताईंनी माझी ओळख करून दिली, तिनं उठून पाणी दिलं, त्या अवघडलेल्या पोटानं. तो तांब्या हातात धरूनच मी सांगून टाकलं. "ती नावं मी टाकली होती. तुमची गाडी माझ्यामुळे तिकडे गेली." यशोदाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. मला वाटलं आता वनिता उठून आत जाईल. जायला हवं होतं तिनं.

ती सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "सिस्टर म्हनायच्या, कागद माझा होता. माझ्या हातनं चूक झाली. पाया पडल्या माझ्या." पुढे म्हणाली, "तुमचं नाव नाय घेतलं कधी."

आई, तू तिच्या पाया पडलीस? माझ्यासाठी? एकोणीस वर्षं ज्या माणसांनी तुझ्यावर भरवसा ठेवला त्यांच्यापुढे तू स्वतःला चुकीची ठरवलंस. तुझ्या आयुष्यात तुझ्याजवळ मिरवण्यासारखं तेवढं एकच होतं, त्या लोकांचा भरवसा, आणि तोच तू माझ्यावरून ओवाळून टाकलास. हे तू बरोबर केलं नाहीस. मला सांगायला हवं होतंस. मी रडले असते, मोडले असते, आणि त्याच दिवशी नाव हलवलं असतं. तू मला पाचवीतली समजलीस. का तुला वाटलं, आधीच या पाड्यांपायी पोरीला आई मिळाली नाही, आता त्यांच्यापायी तिची झोपही नको जायला? असंच वाटलं असेल. मला त्याचंच जास्त रडू येतं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी चारही पाडे चालले, फोनमध्ये वाट नोंदवत. यशोदाताई सोबत होत्या. प्रत्येक घरी तुझं नाव निघालं आणि प्रत्येक घरी मला काहीतरी खावं लागलं. किती वर्षं राग धरून होते मी या माणसांवर. त्यांच्यातल्या एकीनं माझ्या पायात काटा मोडला तो सुईनं काढून दिला आणि विचारलं, "सिस्टरनं तुला चालायला नाय शिकवलं का?"

काल घरी येऊन दुरुस्ती पाठवली. माझी दुरुस्ती आता दुसऱ्या कुणाकडे तपासायला गेली. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'चालून आले.' चहा होईपर्यंत मंजूर. माझ्या नावाला तिथे वजन आहे ना. तुझ्या एकोणीस वर्षांना नव्हतं, आणि ते नाही असं ठरवणारी मीच होते. आता मी कारण वाचल्याशिवाय कुणाचीही दुरुस्ती परत पाठवत नाही. फार उशिरा आलेलं शहाणपण आहे, पण तुला सांगते.

बाबांना सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "मला तरी सांगायचं तिनं." म्हणजे तू त्यांनाही सांगितलं नव्हतंस. तीन वर्षं एकटीनं कसं वागवलंस गं हे?

एक सांगायचं राहिलं. निघताना वनिता दारापर्यंत आली. रागानं नाही, रडूनही नाही, साधंच विचारावं तसं तिनं विचारलं, "आता गाडी येल ना, ताई?"

मला 'हो' म्हणायचं होतं. पण ड्रायव्हर कोण असेल, त्याच्या फोनमध्ये जुनाच नकाशा उतरवून ठेवलेला असेल का, नाल्याला पाणी असेल का, रेंज असेल का, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. ही भीती तुला रोज होती, मला पहिल्यांदा कळली. नाव हलवलं की झालं, असं समजून हो म्हणणं म्हणजे पुन्हा घरात बसून अर्ध्या तासात काम उरकणं झालं असतं. मी तिला म्हणाले, "मी येईन." बघू, असा तिचा चेहरा होता.

तेव्हा आई, हे तुला लिहून देते. घटस्थापनेच्या चार दिवस आधी मी तिकडे जाते आहे. रजा मंजूर झाली. केंद्रावरच्या नव्या सिस्टर मला त्यांच्या खोलीत राहू देणार आहेत. त्या चार दिवसांत गाडीच्या ड्रायव्हरशेजारी बसून त्याला आंबेपाड्यापर्यंत नेऊन आणीन, दोघं असले तर दोघांनाही. आणि वनिताला कळा लागतील त्या दिवशी फोनवर डावी-उजवी सांगत बसणार नाही. सडकेच्या फाट्यावर जाऊन उभी राहीन, गाडीत पुढे बसेन आणि तिच्या दारात उतरेन.

आणि त्या दिवसापर्यंत थांबणारही नाही. गेल्या गेल्या चारही पाड्यांत घरोघरी जाईन आणि तू जे कुणाला सांगितलं नाहीस ते एकेका दारात उभी राहून सांगेन. सिस्टरचा कागद बरोबर होता. चूक तिच्या मुलीची होती.

तुझी,
मनू